हाडाची पुरचुंडी

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहणारा शाकाहारी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे सर. हाडांचे डॉक्टर, त्यातही पाठीच्या मणक्यांचे. जन्मात कधी अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं त्यांनी, पण वसईतल्या त्या दुकानात त्यांचा नंबर आला की दुकानदार न विचारता बोकडाचा पाठीचा कणा बाजूला काढायचा. "अख्खा द्या. सुरा लावू नका," एवढंच सर सांगत. मागच्या बायका एकमेकींकडे बघत. एकदा दुकानदाराला राहवलं नाही. "साहेब, याचा रस्सा करता की शाळा भरवता?"

"शाळा," सर म्हणाले आणि पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवून निघाले.

शाळाच होती ती, आणि तिची एकुलती एक विद्यार्थिनी मी. नर्सिंग होमच्या मागच्या पडवीत एक पत्र्याचं टेबल होतं. त्यावर तो कणा घट्ट अडकवून सर त्यात स्क्रू बसवायचे, काढायचे, परत बसवायचे. मी हत्यारं हातात द्यायची. नव्या पद्धतीचं ऑपरेशन असलं की आदल्या रविवारी ही शाळा ठरलेली. आई कुरकुरायची, "सगळ्यांच्या मुली रविवारी न्हातात, आमची बोकडाचा वास घेऊन येते."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला आचोळ्याला. मुंबईत नर्सिंग शिकून चार वर्षं तिथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात काढली आणि मग घराजवळ नोकरी हवी म्हणून वसई गावातल्या या बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये आले. मुलाखतीत सरांनी माझी सर्टिफिकेटं बघितलीच नाहीत. जखमेतलं रक्त टिपायच्या गॉजच्या घड्यांचा एक गठ्ठा पुढे सरकवला आणि म्हणाले, "मोजा." मी मोजायला लागले तर हे मधेच विचारतात, "गाव कुठलं? भाऊ किती? काय करतात?" मी उत्तर दिलं नाही. मोजून झाल्यावर म्हटलं, "अडुसष्ट. भाऊ दोन. काय करतात ते त्यांनाच विचारा." त्यावर मला नोकरी लागली.

ठेंगणे, कान मोठे, चष्म्याच्या काचा जाड, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि पायात रबरी चपला. नवीन पेशंट त्यांना कंपाउंडर समजून "डॉक्टर कधी येणार?" असं विचारत. "येतील, बसा," म्हणून सर त्यांच्या शेजारीच बाकावर बसत आणि पाच मिनिटं गप्पा मारून सगळी माहिती काढून घेत.

पाठ ओपीडीत कळत नाही, हा त्यांचा हट्ट. "ओपीडीत माणूस शहाण्यासारखा बसतो हो. खरी पाठ कामावर दिसते." म्हणून ऑपरेशन करायच्या आधी ते पेशंटच्या कामाच्या जागी जात. सातिवलीला एका कारखान्यात लोखंडी पट्ट्या उचलणारा एक माणूस होता. सर तिथे गेले, तासभर त्याला बघत उभे राहिले आणि मग "बघू" म्हणून स्वतःच एक गठ्ठा उचलला. पुढचे तीन दिवस त्यांनी ओपीडी बाकावर आडवं पडून चालवली. पेशंट उभा आणि डॉक्टर झोपलेले, असा तो देखावा. आम्ही पदराआड हसत होतो. त्यांनी चौथ्या दिवशी उठून त्याच माणसाचं ऑपरेशन रद्द केलं आणि मालकाला सांगून टेबलाची उंची वाढवून घेतली. तो माणूस आजही ताठ चालतो.

थिएटरात मात्र हसायची सोय नव्हती. तिथे सरांचा कायदा असा, की पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. भूल देणाऱ्या मॅडमना तेवढी सूट, कारण रक्तदाब खुणेनं सांगता येत नाही. बाकी आम्ही सगळे हातवारे करणार. दोन बोटं मिटली म्हणजे चिमटा, तळवा उताणा म्हणजे छिन्नी. सर स्वतः मात्र बोलत असत, पण हाडाशी. "ये, ये. असं. लाजू नकोस." पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच म्हणतायत.

आता त्या पुरचुंडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पाठीतला एक मणका दुसऱ्यावरून घसरला की दोघांना कायमचं एकत्र जोडून टाकतात. त्यासाठी नुसते स्क्रू आणि सळ्या पुरत नाहीत. त्या काही महिने धरून ठेवतात, तेवढ्यात दोन मणक्यांच्या मधे खरं हाड भरून यावं लागतं. नाही आलं, तर सळी कधी ना कधी तुटते आणि माणूस होता तिथे परत येतो. म्हणून पेशंटच्याच कमरेच्या हाडातून थोडे तुकडे खरवडून घ्यायचे आणि मणक्यांच्या कडेला पसरायचे. हे हाड जिवंत असतं, रुजतं. बाकीचे डॉक्टर ते वाटीत ठेवतात. आमचे सर पेशंटच्याच रक्तात भिजवलेल्या कापडात त्याची पुरचुंडी बांधून माझ्या ट्रॉलीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवत, म्हणजे ते सुकत नाही. या पुरचुंडीसाठी हिरवा दोरा घातलेलं वेगळं कापड असायचं. ते गॉजच्या मोजणीत धरायचं नाही, असं आमचं ठरलेलं.

त्या सुमाराला पेपरांत स्टेमसेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, बातम्यांचा पाऊस होता. गुडघे दुखणारे आजोबासुद्धा कात्रण घेऊन यायचे, "डॉक्टर, हे आमच्यात टोचा." सर चिडायचे. "पेपरात हाड एका रकान्यात वाढतं. पाठीत त्याला वर्ष लागतं." मग एक दिवस एका कंपनीचा प्रतिनिधी आला. टाय लावलेला, घामानं डबडबलेला, बिचारा. त्याच्याकडे कारखान्यात केलेल्या हाडाची पाकिटं होती. पांढरे, खडेमिठासारखे दाणे. पेशंटच्या हाडातली मज्जा सुईनं काढायची, त्यात हे दाणे भिजवायचे, मज्जेतल्या मूळ पेशी दाण्यांच्या छिद्रांत शिरतात आणि तिथे हाड तयार करतात, कमरेचं हाड खरवडायलाच नको, असं त्याचं म्हणणं. सरांनी नमुन्याची बाटली उघडली, एक दाणा उचलून सरळ जिभेवर ठेवला आणि जीभ बाहेर काढून आम्हाला दाखवली. दाणा चिकटून बसला होता.

"छिद्रं आहेत," सर म्हणाले. "तेवढं खरं बोलतोय हा. बाकी खडू आहे."

तो दोन पाकिटं ठेवून गेला. सरांनी ती कपाटात वरच्या फळीवर टाकली आणि वर्षभर आम्ही त्यांना खडूच म्हणत होतो.

फिलूबाय आमच्याकडे आली ती नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. नाव फिलोमिना. पाचूबंदरची. नवरा नाखवा, स्वतःची बोट घेऊन समुद्रावर जायचा आणि ही बाजारात मासळी विकायची. पंचवीस वर्षं डोक्यावर पाटी. खालचा एक मणका चांगलाच पुढे घसरला होता आणि डाव्या पायाची जाण चालली होती. "पायातली चप्पल वाटेत निसटते, मना पत्त्याच लागत नाय," ती म्हणाली. "मागनं लोक हाका मारतात, बाय, चप्पल रायली." हे सांगताना ती हसत होती आणि नवरा जमिनीकडे बघत होता.

सर रिवाजाप्रमाणे सकाळी बाजारात गेले. तिची भरलेली पाटी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली, चाळीस पावलं चालले आणि बोंबलाचं पाणी अंगावर गळत तसेच ओपीडीत आले. त्या दिवशी अर्धे पेशंट नाकाला रुमाल लावून बसले होते. सर मला म्हणाले, "सिस्टर, ती पाटी खाली ठेवताना कमरेतून वळते. मणका तिथेच गेलाय. ही बाई ऑपरेशन झालं तरी पाटी सोडणार नाही. म्हणजे आपलं काम पाटी पेलणारं हवं."

फिलूबायनं एकच अट घातली. "डॉक्टर, तू कमरंचा हाड एके बाजूनं घे. दुसरी बाजू माझी. दोन्ही बाजूंनी पोखरलंस, तर मी बसू कशी नि उठू कशी?"

सरांनी कबूल केलं.

ऑपरेशन मंगळवारी दुपारी होतं. हिरव्या दोऱ्याचं कापड त्या दिवशी निर्जंतुक केलेल्या डब्यात नव्हतं, धुलाईतच राहून गेलं होतं. मी सरांना खुणेनं सांगितलं, त्यांनी मान हलवली. आज हाड वाटीत ठेवतील, असं मी धरून चालले. पुढे मी स्क्रूंची मापं लावायला वळले असताना त्यांनी माझ्या मोजलेल्या गॉजच्या चळतीतून एक घडी उचलली, हाडाचे तुकडे तिच्यात बांधले आणि पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली. मला ते दिसलं नाही. त्यांना वाटलं, मला दिसलं. बोलायचं नाही हा कायदा दोघांनाही होता.

हाड पसरायच्या आधी गॉज मोजायचा, हीसुद्धा सरांचीच पद्धत. एकदा हाड पसरलं की जखमेत परत हात घालून काही शोधता येत नाही. चाळीस घड्या उघडल्या होत्या. मी मोजल्या, एकोणचाळीस. परत मोजल्या, एकोणचाळीस.  एक घडी बाईच्या पाठीत राहिली असेल तर? आणि तेवढ्यात वीज गेली.

वसईत तेव्हा वीज जाणं नवीन नव्हतं, पण जनरेटर त्या दिवशी लगेच धरेना. आमच्या थिएटरात झाडलोट करणाऱ्या मावशींनी टॉर्च लावला. सर हात वर धरून पुतळ्यासारखे उभे. मॅडम हातानं श्वासाचा फुगा दाबतायत. त्या पिवळ्या उजेडात मला ट्रॉलीच्या कोपऱ्यात रक्तानं भिजलेली एक घडी दिसली. सापडली! तिला हिरवा दोरा नव्हता, त्यामुळे ती पुरचुंडी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उचलली तर जड लागली. रक्तानं जड झाली असेल, असं वाटलं. मी ती खालच्या बादलीत टाकली. चाळीस. माझा जीव भांड्यात पडला. मी सरांना अंगठा दाखवला.

वीज आली. सरांनी हात पुढे केला आणि अख्खी मूठ मिटली. हाड द्या.

मी कोपऱ्याकडे वळले. कोपरा रिकामा होता.

ते दोन-तीन क्षण मला आजही स्वप्नात येतात, वेगवेगळ्या रूपांत. कधी मी बस चुकवते, कधी परीक्षेचा पेपर कोरा असतो, पण शेवटी तोच रिकामा कोपरा असतो. मी बादलीकडे बघितलं. मी कुठे बघतेय ते सरांनी बघितलं. जखम धुतलेल्या पाण्यात, वापरलेल्या बोळ्यांमध्ये पुरचुंडीची गाठ सुटली होती आणि फिलूबायचं हाड तळाला बसलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "धुऊन ऑटोक्लेव्हला लावा. वीस मिनिटं."

"उकडून निघेल ते," सर म्हणाले. "पेशी मेल्या की त्याच्यात आणि खडूत काय फरक? आणि न उकडता घातलं नि पाठीत पू झाला, तर ही बाई कधी उठायची नाही."

"मग दुसऱ्या बाजूनं घ्या."

"रक्त?"

मॅडमनी वर टांगलेली बाटली बघितली. "ही शेवटची. प्रेशर नव्वद. आणखी एक जखम मी नको म्हणेन."

 सर मावशींना म्हणाले, "वरच्या फळीवरची दोन्ही पाकिटं काढा. तारीख वाचा." मावशींनी अडखळत वाचली. मुदत होती. सरांनी जखमेवर ओलं कापड झाकलं, हातमोजे उतरवले आणि रक्ताळलेल्या गाऊननंच दाराबाहेर गेले. दार उघडंच राहिलं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"नाखवा, बायकोचं हाड आमच्या हातून वाया गेलं. मी तिला शब्द दिलाय म्हणून आणि रक्त कमी आहे म्हणून दुसऱ्या बाजूचं काढत नाही. तिथे फक्त सुई टोचून मज्जा घेईन. ती कारखान्यातल्या दाण्यांत भिजवून घालतो. हे मी आजवर केलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर नुसते स्क्रू बसवून बंद करतो, पण ते टिकणार नाहीत."

 नाखवा म्हणाला, "दाने म्हंजे काय?"

"खडक समजा. खडकाला स्वतःचा जीव नसतो. पाण्यात बी असलं तर त्याच्यावर कालवांचे शिंपले धरतात. बी तुमच्या बायकोच्या मज्जेत आहे."

"धरतात, डॉक्टर," नाखवा म्हणाला. "पन सगळ्याच खडकाना नाय धरत. काय खडक जलमभर रिकामे रेतात."

"होय," सर म्हणाले. "ते मला माहीत आहे."

"मंग कर."

सर परत हात धुऊन, नवा गाऊन चढवून आले. कमरेच्या दुसऱ्या बाजूला जाड सुई घातली. एका जागेवरून दोनच सीसी ओढायचं, मग सुईचं टोक हलवायचं, कारण लोभानं जास्त ओढलं की मज्जा संपते आणि नुसतं रक्त येतं. सुई हलव, ओढ, सुई हलव, ओढ. मी वाटी धरली होती. पांढरे दाणे एकेक करून लाल होत होते. माझ्या हातातली वाटी चिमट्याला लागून सारखी वाजत होती.

"सिस्टर," सर म्हणाले. त्या खोलीत त्यांनी मला मारलेली ती पहिली हाक. "वाटी टेबलाला टेकवून धरा. हे सांडलं तर माझ्याकडे तिसरं काही नाही."

मी टेकवली. पंधरा मिनिटं दाणे भिजू दिले. त्या पंधरा मिनिटांत सर हाडाशी एक शब्द बोलले नाहीत.

सगळं आटोपल्यावर बेसिनपाशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, "सर, तुम्ही 'आमच्या हातून' का म्हणालात? हाड मी टाकलं."

"कापड मी मोजणीतलं घेतलं. बोलायचं नाही हा कायदा माझा. तुम्ही फक्त मोजलंत."

"पण टाकलं मी. उद्या फिलूबायला मी सांगणार."

ते पहिल्यांदा माझ्यावर भडकले. "सांगा, आणि मग बारा दिवस तिचं ड्रेसिंग कोण करणार? मी? तुमचा हात पाठीला लागला की ती आक्रसेल. तिला आत्ता तुमच्या हातावर भरवसा हवाय, तुमचा पश्चात्ताप नकोय. टाके निघाले की काय सांगायचं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिलूबायला स्वतः सगळं सांगितलं, माझं नाव सोडून. ती पालथी पडली होती. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "तो माझा हाड कुठं हाय आता?"

सरांनी ते बरणीत ठेवलं होतं. तिनं नवऱ्याला ते घेऊन जायला सांगितलं. "सिमेट्रीत पुरून ठेव. शेवटच्या न्यायाच्या दिवशी उठायचं तर मना अख्खी उठायचं हाय." नाखव्यानं बरणी टॉवेलात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी धरून नेली. मी खिडकीतून बघत राहिले आणि मग मोरीत जाऊन रडले.

पुढच्या सोमवारी थिएटरच्या दारावर सरांच्या अक्षरातला कागद चिकटला होता, 'येथे सर्वांनी बोलावे.' त्याचा परिणाम असा झाला की मावशी ऑपरेशन चालू असताना सुनेच्या तक्रारी सांगायला लागल्या. सर दात-ओठ खात ऐकून घ्यायचे, पण कागद त्यांनी काढला नाही.

टाके निघाले. मी सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात म्हटलं, कमरेचा पट्टा निघू दे. पट्टा निघाला तेव्हा म्हटलं, हाड धरू दे. घाबरटपणाला कारणं कमी पडत नाहीत. फिलूबाय दर महिन्याला यायची, मी तिला पालथी झोपवायची, व्रण बघायची, पायाची जाण तपासायची, आणि "ठीक आहे" म्हणून पुढच्या पेशंटकडे पळायची. पायात जाण परत येत होती, पण तिचं श्रेय मोकळ्या झालेल्या नसेचं. हाडाचं काहीच कळत नव्हतं. आणि छळ असा, की खडू एक्सरेवर पहिल्या दिवसापासून पांढराच दिसतो. हाड धरलंय की दाणे नुसते पडून आहेत, हे महिनोन् महिने सांगता येत नाही. सर फिल्म आकाशाकडे धरून बघत बसायचे. मी विचारायची, "काय वाटतं?" ते म्हणायचे, "वाटण्यानं सळी तुटायची थांबत नाही."

सातव्या महिन्यात तिला पाठीत कळ आली. त्या दिवशी सर जेवले नाहीत. सळी शाबूत होती, कळ दोन दिवसांनी गेली, पण तोवर मी मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला होता.

दहाव्या महिन्यात पुढे वाकून आणि मागे वाकून असे दोन एक्सरे काढले. दोन्हींत मणके एकमेकांपासून हललेले दिसले नाहीत, तर हाड जुळलं असं समजायचं. सरांनी फिल्मा पाकिटात घातल्या, बघितल्याच नाहीत. "मला जे हवंय तेच मला दिसेल," म्हणाले. मुंबईत त्यांचे एक जुने वरिष्ठ होते. त्यांच्याशी भांडूनच सर वसईला आले होते आणि बारा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. सरांनी फिल्मा त्यांनाच कुरियरनं पाठवल्या. पेशंटचं नाव नाही, काय घातलंय ते नाही. फक्त, 'जुळलंय का?'

आठ दिवसांनी चिठ्ठी आली. 'दोन्ही बाजूंनी पक्कं जुळलं आहे. कमरेचं हाड उत्तम घेतलं आहेस. अजून हात चांगला आहे तुझा.'

सर चिठ्ठी वाचून लाल झाले. दुसऱ्या कोणीही ती चौकटीत लावून ठेवली असती. सरांनी तिथल्या तिथे उत्तर लिहायला घेतलं, की ते कमरेचं हाड नाही, ते बादलीत गेलं, हे खडू आणि मज्जा आहे, एकाच पेशंटवरून काही सिद्ध होत नाही आणि कृपया कौतुक मागे घ्यावं. ते पाकीट मीच पेटीत टाकलं. त्याचं उत्तर काय आलं ते मला माहीत नाही. पुढे आणखी सहा वर्षं सर वसईत होते. मग डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा एका दिवसात हत्यारं तरुण डॉक्टरांना वाटून ते मुलाकडे साताऱ्याला निघून गेले. जाताना निरोप समारंभ करू दिला नाही. त्यांचं नाव काढलं की मला मात्र तो चिठ्ठी आल्यानंतरचा सोमवारच आठवतो.

फिलूबाय आणि नाखवा दोघे आले होते. सरांनी फिल्मा लावून दाखवल्या. "धरलं," म्हणाले. नाखवा उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. फिलूबाय शांत होती. तिनं विचारलं, "मंग पाटी उचलू, डॉक्टर?"

सरांनी तोंड उघडायच्या आत मी बोलून गेले. ठरवून नाही. आता धरलंय, आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, एवढंच मला कळलं.

"फिलूबाय, तुमचं हाड सरांनी नाही टाकलं. मी टाकलं. माझ्या हातानं."

सर फिल्मा काढायला लागले, परत लावायला लागले.

"मना म्हाईत हाय," फिलूबाय म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोनी सांगाया कशाला पायजे? दहा महिने तू माझे पाठीकरंच बगत आलीस. तोंडाकरं एकदा तरी बगितलंस?"

 मला लाज वाटली, कारण ते अक्षरशः खरं होतं. तिच्या पाठीवरचा व्रण मी डोळे मिटून काढून दाखवला असता, टाक्यांसकट.

"आता बग," ती म्हणाली. "नि डॉक्टरला नाय, तुना इचारते मी. उचलू का पाटी?"

मी सवयीनं सरांकडे बघितलं. ते पाठमोरे होते, आणि वळणार नाहीत हे स्पष्ट दिसत होतं. मग मी तिच्याकडे बघितलं. तिच्या डाव्या डोळ्याखाली एक मोठा तीळ होता. मला तो माहीतच नव्हता.

"अर्धी उचला," मी म्हटलं. "उरलेली पुढच्या महिन्यात."